पंचाण्णव टक्के रहिवासी

अर्जातला सोळावा प्रश्न येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. छावणीतल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, टेबलावरचा बाळाचा वाडगा आणि थोरलीची रंगपेटी बाजूला सारून, मोजपट्टी घरातल्या चौघांचे चार अर्ज भरत बसली होती. मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्नाआधी ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने नवऱ्याला वहीत मांडून दाखवलं होतं की, 'पाच मिनिटांत आलो' या त्याच्या वाक्यातली पाच मिनिटं सरासरी तेवीस भरतात. त्या दिवशी त्याने हे नाव ठेवलं. तिला ते शाबासकीसारखं वाटलं होतं.

अर्ज होता रहिवासी लाभांशाचा. त्यांच्या राज्यात खाणी होत्या, आणि खाणींच्या उत्पन्नातला वाटा राज्य दरवर्षी आपल्या प्रत्येक रहिवाशाला देत असे. म्हाताऱ्याला, तान्ह्याला, सगळ्यांना सारखाच. रहिवासी मात्र खराखुरा हवा. वर्षातले एकशेऐंशी दिवस बाहेर काढले की नाव कटायच्या रांगेत. सवलत होती ती सैनिकांना आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या बायकामुलांना. नेमणूक कुठेही असो, नोकरी संपल्यावर आपल्याच राज्यात परतायचा इरादा असला, की ते रहिवासीच. पण एकदा का नाव कटलं, की पुन्हा लागायला वर्षभर सलग राज्यात राहून दाखवावं लागे. नवऱ्याच्या नोकरीची अजून अकरा वर्षं बाकी होती.

एरवी हे अर्ज नवराच भरायचा, तेही बूट घालता घालता. यंदा तो सरावाच्या तळावर बिनतारी यंत्रं दुरुस्त करायला गेला होता. जाताना आपल्या कोऱ्या अर्जावर सही करून गेला होता. बायकोवर एवढा विश्वास टाकू नये, हे त्याला अजून कळायचं होतं.

तर प्रश्न सोळावा. 'सेवा संपल्यावर राज्यात परत येऊन कायम राहण्याचा तुमचा इरादा आहे काय?' पुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन, आणि त्यांच्यापुढे एक लांबट रिकामी ओळ. ती बहुधा छापणाऱ्याकडून चुकून राहिली असावी. पण रिकामी ओळ दिसली की ती भरल्याशिवाय मोजपट्टीला चैन पडत नसे. त्यात अर्जाच्या तळाशी छापलं होतं, 'वरील माहिती संपूर्ण खरी असल्याचे शपथेवर सांगतो/सांगते.' अकरा वर्षांनंतरची गोष्ट शपथेवर कशी सांगायची? प्रयोगशाळेत उद्याच्या पाण्याबद्दलसुद्धा कोणी शपथ घेत नसे.

तिने विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि हिशेब मांडला. मृत्यू, दीड टक्का. निवृत्तीनंतर नवऱ्याला दुसरीकडे चांगली नोकरी, दोन टक्के. भूकंप, पूर वगैरे, अर्धा. अज्ञात कारणं, एक. बेरीज पाच. मग 'होय'वर खूण करून रिकाम्या ओळीवर तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सुमारे ९५ टक्के.' नवऱ्याच्या अर्जावरही तेच. थोरली सात वर्षांची. तिला विचारणं भाग होतं.

"मोठी झालीस की कुठे राहणार गं तू?"

"समुद्राच्या तळाशी."

"नक्की?"

थोरलीने विचार केला. "नाहीतर आजीकडे."

तिच्या अर्जावर सत्तर टक्के पडले. धाकटा दहा महिन्यांचा होता, टेबलाखाली बसून चमचा चघळत होता. त्याच्या अर्जावर मोजपट्टीने लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.' चारही पाकिटं टपालपेटीत टाकून घरी येताना तिला खूप दिवसांनी एखादा प्रयोग नीट जमल्यासारखं हलकं वाटलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. 'अर्जदार क्रमांक दोन यांनी परत न येण्याचा पाच टक्के इरादा नोंदवला आहे. नियमांत अंशतः इराद्याची तरतूद नाही. अर्जदार क्रमांक चार (वय दहा महिने) यांनी इराद्याबाबत माहिती देण्याचे टाळले आहे. सबब चारही नावे रहिवासी यादीतून का वगळू नयेत, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा.' खाली सुनावणीची तारीख आणि खिडकी क्रमांक तीन.

मोजपट्टीने पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला 'टाळले' या शब्दाचा राग आला. दुसऱ्यांदा तिने लाभांशाच्या रकमेला मनात चारने गुणलं. कारण यंदाचा लाभांश कुठे जाणार हे ठरलेलं होतं. सासूबाई राज्यात त्यांच्या अरुंद दुमजली घरात एकट्या राहत. घरातलं एकुलतं एक बाथरूम वरच्या मजल्यावर, मध्ये सतरा पायऱ्या, आणि सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. यंदा त्यांच्यासकट पाचही जणांचे वाटे एकत्र करून खाली, मागच्या अंगाला बाथरूम बांधायचं, असं नवऱ्याने आईला कबूल केलं होतं. गवंड्याने नुसता होकार ऐकून खड्डासुद्धा खणला होता.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तिने पत्र वाचून दाखवलं. पलीकडे खरखर चालूच होती. बिनतारीवाल्याचा फोन नेहमी असाच खरखरायचा.

"अगं बाई, तिथे नुसती खूण करायची असते! सगळे करतात."

"सगळ्यांना भविष्य कळतं?"

"नाही कळत. म्हणूनच तर पटकन करतात!"

"शपथेवर होतं ते."

"आणि माझे? माझे किती टाकलेस?"

"पंचाण्णव."

"माझे शंभर होते गं! मी त्या राज्यात जन्मलोय!"

"जन्माचा आणि इराद्याचा काय संबंध? दोन टक्के तर तुझ्या नोकरीचेच कापलेत."

नवऱ्याने सुस्कारा सोडला. "मला इथून सुट्टी मिळणार नाही. तुझ्या नावाने अधिकारपत्र पाठवतो. जा तू, आणि कृपा करून त्यांना काही मोजून दाखवू नकोस." मग जरा घुटमळून म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस हं."

इथे एक अडचण होती. असल्या पत्राची एक प्रत कायमच्या पत्त्यावर जाते, आणि कायमचा पत्ता सासूबाईंचा होता. नवऱ्याचा फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा घंटी वाजली.

"कसे आहात सगळे?" सासूबाईंचा आवाज नको इतका गोड होता. "एक विचारू का गं? तो पाच टक्के कशाचा?"

"अहो आई, ते नुसतं गणित आहे."

"हो का. म्हणजे शंभरातले पाच टक्के तुला माझ्याकडे यायचं नाहीये."

"तसं नाही हो. त्यात बरंच काय काय धरलंय. पूर, भूकंप..."

"भूकंपाचे किती?"

"अर्धा."

"आणि बाकीचे?"

"नोकरीचे दोन. मृत्यूचा दीड..."



"कोणाच्या?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या! माझ्याच हो, आई! तुमचा मी धरलेलाच नाही."

"मेहेरबानी," म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एका हवालदाराची बायको राहत असे. बावीस वर्षांत चौदा बदल्या पचवलेली बाई; कुठल्या कार्यालयात कुठल्या टेबलासमोर रडायचं, हेसुद्धा तिला पाठ होतं. मोजपट्टीने तिला सगळं सांगितलं, पुराव्यांची फाइल करणार असल्याचंही.

"फायली कसल्या जमवतेस? तिथे जायचं, म्हणायचं, 'साहेब, माझी माती तिथली आहे.' एक हुंदका द्यायचा. झालं काम."

"पण माझी माती तिथली नाहीये. मी दुसऱ्याच राज्यातली."

"मग नवऱ्याच्या मातीवर हुंदका दे! त्यालाही तुला दाखला लागतो का?"

मोजपट्टीला हुंदका येत नव्हता. तिने फाइलच केली. त्यात त्या राज्यातल्या वाचनालयाचं कार्ड होतं, दाताच्या डॉक्टरांचं कार्ड होतं (दात दाखवायला ते दरवर्षी तिथेच जात), आणि सासूबाईंच्या माळ्यावर ठेवलेल्या तेवीस खोक्यांची आतल्या सामानासकट यादी होती. बाजूला रंगीत चिठ्ठ्या लावल्या. दोन मुलं, एक फाइल आणि एक भलीमोठी पिशवी घेऊन ती बसमध्ये बसली. नऊ तासांचा प्रवास आठ तास चाळीस मिनिटांत झाला. हे ती सासूबाईंना सांगणार होती, पण दार उघडल्यावर त्यांचा चेहरा पाहून तिने विचार बदलला.

सासूबाईंनी नातवंडांना जवळ घेतलं, धाकट्याला कडेवर घेऊन त्याच्या गालाचे मुके घेतले. सुनेकडे पाहून म्हणाल्या, "ये. दमली असशील. पंचाण्णव टक्के तरी."

पुढचे दोन दिवस हेच चाललं. "भाजीत मीठ बरोबर आहे ना? का पाच टक्के कमी?" "दार ओढून घे हो, सगळं. थोडंसं उघडं ठेवू नकोस." मागच्या दारी खड्डा होता, कमरेइतका खोल, आणि खड्ड्याच्या काठावर रोज सकाळी गवंडी येऊन उभा राहायचा.

"वहिनी, विटा कधी टाकू?"

"दोन दिवस थांबा. कार्यालयात एक काम आहे."

"मी थांबतो हो. पावसाला कोण सांगणार? हा खड्डा भरला ना, तर आजीबाईंना बाथरूमऐवजी तळं मिळेल."

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "मिळू दे. थोरली म्हणतेच आहे, पाण्याच्या तळाशी राहीन. सगळ्यांची सोय होईल."

पण रात्री जेवणं झाल्यावर त्या कठडा धरून जिना चढायला लागल्या, की त्यांच्या तोंडी टोमणा उरत नसे. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. मोजपट्टी खाली भांडी विसळत उभी असायची आणि न ठरवता मोजायची. नवव्या पायरीवर त्या दोन्ही दिवस बसल्या. अर्जावर ती ओळ भरताना आपल्याला भूकंप आठवला आणि ही नववी पायरी आठवली नाही, असं तिच्या मनात आलं, आणि हातातलं पातेलं तिने तीनदा विसळलं.

सुनावणीच्या दिवशी सासूबाई चपला घालून आधीच दारात तयार.

"आई, तुम्ही कशाला? तिथे ताटकळत बसावं लागेल."

"बसायला मला गुडघे लागत नाहीत. आणि माझ्याकडे येण्याबद्दलच सुनावणी आहे ना? मग मला नको का ऐकायला?"

कार्यालय जुन्या चौकोनी इमारतीत तळमजल्यावर होतं. भिंतीला टेकवलेलं लाकडी बाक, मंद फिरणारा पंखा आणि खिडकी क्रमांक तीनच्या आत एका टेबलामागे पडताळणी अधिकारी. पन्नाशीच्या बाई होत्या. दिवसभर तेच तेच बोलून त्यांचा घसा बसला होता. दर पाच-सहा वाक्यांनंतर त्या डबीतून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकत. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. मोजपट्टीने फाइल पुढे सरकवली. अधिकारीबाईंनी ती न उघडता बाजूला ठेवली.

"बाई, हे पाच टक्के काय आहेत ते तोंडी सांगा."

मोजपट्टीने ते विजेच्या बिलाचं पाकीटच काढून दिलं. अधिकारीबाईंनी चष्मा चढवला.

"'अज्ञात कारणं, एक टक्का.' म्हणजे कुठली?"

"जी मला माहीत नाहीत ती."

"जी तुम्हाला माहीतच नाहीत, ती एकच टक्का आहेत हे कशावरून ठरवलंत?"

प्रयोगशाळेतले तिचे साहेब अगदी याच आवाजात असे प्रश्न विचारायचे. बाकावरून सासूबाईंनी घसा खाकरला. त्यांना मनापासून मजा येत होती.

"पुढे. 'मृत्यू, दीड टक्का.' तुम्ही मेलात, तर तुमचा इथे परत यायचा इरादा राहणार नाही, असं म्हणायचंय का?"

"इरादा राहील हो. पण येणं जमणार नाही."

"इरादा राहील?"

"हो, तोपर्यंत होताच ना."

"भूकंप झाला तर?"

"तरी यायचंच असेल. रस्ता नसेल एवढंच."

"नवऱ्याला बाहेर चांगली नोकरी लागली तर?"

"मग... काही वर्षं उशीर होईल. पण यायचं असेलच."

अधिकारीबाईंनी एक गोळी तोंडात टाकली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मी तुम्हाला काय विचारलं होतं? इरादा. तुम्हाला काय करायचंय. आणि तुम्ही मला काय लिहून दिलंत? पुढे काय घडेल त्याचा अंदाज. मी मनातलं विचारलं, तुम्ही हवामान कळवलंत."

मोजपट्टीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यभर तिने नवऱ्याला, थोरलीला, शेजारणीला, दूधवाल्याला एकच गोष्ट ऐकवली होती, की जे विचारलंय त्याचं उत्तर द्या. आणि स्वतः तिने शपथेवर, सुवाच्य अक्षरात, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दशांशापर्यंत काढून पाठवलं होतं. तिची चूक अति काटेकोरपणाची आहे, असं सगळे समजत होते. तीही समजत होती. खरं तर त्यातच तिला थोडा अभिमानही होता. चूक निघाली निव्वळ ढिसाळपणाची.

"आता सांगा," अधिकारीबाई म्हणाल्या, "परत इथे यायचंय का?"

सासूबाई छताकडे पाहत होत्या. इतक्या लक्षपूर्वक, की छतावर काहीतरी लिहिलेलं असावं.

मोजपट्टीने मोजायला घेतलं आणि मोजायला काही सापडेना. ते अरुंद घर, तो जिना, खिडकीतून येणारे टोमणे. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत सहा क्वार्टर झाले होते, पण कुठल्याही क्वार्टरच्या खिडकीतून तिला कोणी टोमणा मारला नव्हता.

"यायचंय," ती म्हणाली.

"सुमारे?"

"नुसतं यायचंय."

अधिकारीबाईंनी ओळीवरचे आकडे खोडले, तिच्याकडून बाजूला सह्या घेतल्या, अधिकारपत्र पाहून नवऱ्याच्या अर्जावरही. "धाकट्याचा इरादा आईचा तोच याचा. वयाने अज्ञान आहे ना तो, टाळणार कसला." मग त्या थोरलीकडे वळल्या. "काय गं, तुझं घर कुठे?"

थोरलीने सरळ विचारलं, "कुठलं? आत्ताचं, मागचं, का पुढचं?"

अधिकारीबाईंनी पेन उचललं. त्यांनी तिच्याही अर्जातले सत्तर खोडले आणि चारही कागदांवर धाडधाड शिक्के मारले. मोजपट्टीच्या डोळ्यांपुढे विटा, सिमेंट आणि पांढरीशुभ्र फरशी उभी राहिली. बाकावर सासूबाई हळूच हसल्या. या दोन दिवसांतलं हे त्यांचं पहिलं सरळ हसू होतं.

"फक्त एक राहिलं," अधिकारीबाई अर्जाची घडी घालता घालता थांबल्या. "नवव्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'वर्षभरात सोबत राहिलेल्या इतर व्यक्ती: सासूबाई, एकशे सत्त्याण्णव दिवस, आल्याचा दिवस धरून, गेल्याचा सोडून.' या त्याच का सासूबाई?"

"हो, धाकट्याच्या वेळी बाळंतपणाला आल्या होत्या," मोजपट्टी उत्साहाने म्हणाली. पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत तिला आपण काय केलंय ते कळलं.

अधिकारीबाईंनी कपाटातून आणखी एक अर्ज शोधून काढला. "आजी, तुम्ही तुमच्या अर्जात बाहेर राहिल्याचे दिवस लिहिलेत 'थोडेसे'."

"थोडेसेच वाटले मला," सासूबाई म्हणाल्या. "नातवंडांत राहिल्यावर दिवस कोण मोजतं?" मग त्या सावकाश सुनेकडे वळल्या. "मोजत होतीस होय गं? मी आल्या दिवसापासून?"

"मी सगळ्यांचेच मोजते हो, आई!"

"दुधाच्या पिशव्यांबरोबर माझे पण?"

"वेगळ्या पानावर!"

अधिकारीबाईंनी हात वर केला. "थांबा, थांबा. एकशेऐंशीच्या वर दिवस आहेत, पण त्यात घाबरण्यासारखं नाही. सुनेचं बाळंतपण हे मान्य कारण आहे. मला फक्त एवढंच लिहून हवं, की बाहेर होतात तेव्हा परत यायचा इरादा होता. हो म्हणा, शिक्का मारते, घरी जा."

मोजपट्टीने श्वास सोडला. सासूबाई मात्र पुढे सरकल्या. त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"हे शपथेवर आहे का?"

"शपथेवरच आहे, आजी."

"मग नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"काय आई? विचारलंय त्याचं उत्तर द्यायचं ना? मनातलं विचारलंय, मी मनातलं सांगतेय." त्या अधिकारीबाईंकडे वळल्या. "तिथे यांचं बाथरूम खोलीला लागून आहे हो. जिना नाही. पहाटे ही थोरली येऊन कुशीत शिरायची. धाकटा माझ्याच मांडीवर झोपायचा. मी परत कशाला येऊ? मी मनात म्हणत होते, राहा म्हणाले की राहायचं."

"पण तुम्हीच म्हणालात ना, घराकडे बघायला हवं!" मोजपट्टीचा आवाज चढला. "तुम्ही म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं!"

"तसं म्हणायचं असतं. मग समोरच्याने 'राहा हो' म्हणायचं असतं. तू सरळ खिडकीकडची सीट काढून आणलीस."

मोजपट्टीला ते तिकीट आठवलं. सासूबाईंना बसच्या पायऱ्यांजवळ बसावं लागू नये म्हणून दारापासून तिसरी रांग. तेव्हाही तिला एखादं काम नीट पार पडल्यासारखं वाटलं होतं.

"आई, थोडा तरी इरादा असेल की हो," ती काकुळतीला आली. "आठवून बघा. पंचवीस टक्के? वीस?"

"टक्के नकोत!" अधिकारीबाई आणि सासूबाई एकदम म्हणाल्या.

अधिकारीबाईंनी आपल्या परीने पुष्कळ केलं. 'आजी, तुम्हाला प्रश्न नीट कळला नसेल,' असं त्यांनी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा सासूबाईंनी प्रश्न जसाच्या तसा म्हणून दाखवला. शेवटी अधिकारीबाईंनी डबीतली शेवटची गोळी तोंडात टाकली आणि सासूबाईंच्या अर्जावर लाल शाईने 'अपात्र' लिहिलं. मग चार मंजूर कागद मोजपट्टीच्या हातात ठेवले. देताना त्या एवढंच म्हणाल्या, "वीस वर्षांत या खिडकीपुढे खरं बोलणारी दोनच माणसं पाहिली. एकाच घरातली निघाली, हे तुमचं दुर्दैव."

परतीच्या वाटेवर सासूबाई धाकट्याला कडेवर घेऊन पुढे आणि मोजपट्टी मागे, अशी वरात निघाली. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर सासूबाई न वळता म्हणाल्या, "मग? होतं का बाथरूम चौघांच्या पैशांत?"

"होतं. भिंतीची फरशी तेवढी कमरेपर्यंतच येईल."

"कमरेच्या वर मला कुठे गुडघे आहेत," सासूबाई म्हणाल्या. मोजपट्टीने हसू दाबायला ओठ मिटले, पण तिला ते जमलं नाही.

संध्याकाळी गवंड्याने विटा टाकल्या. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मोजपट्टी मागच्या दारी खड्ड्याशेजारी उभी होती.

"काय झालं? आपण आहोत ना अजून तिथले?"

"आहोत. मी, तू, थोरली, धाकटा. चौघांवर शिक्का बसला."

"वा! माझी मोजपट्टी! बघ, नुसती खूण केली की कसं होतं. आणि आई खूश ना?"

मोजपट्टीने घराकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या घरात काढलेल्या बाई खिडकीत उभ्या राहून गवंड्याला दाराची रुंदी सांगत होत्या.

"अरे, एक गोंधळ झालाय," ती हळूच म्हणाली. "म्हणजे... आपण चौघं इथले रहिवासी आहोत. पण आई नाहीत."

"आई नाही? मग ती कोण आहे तिथे?"

खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, गवंड्यालाही ऐकू जाईल असा.

"सांग त्याला, तुमच्याकडे पाहुणी आलेय म्हणावं. आणि पाहुणीसाठी नवीन बाथरूम बांधताय, एवढी मोठ्या मनाची माणसं मी कुठे पाहिली नाहीत. चहा टाकतेस का गं आता, का मीच टाकू?"

"तुम्ही बसा हो, आई," मोजपट्टी म्हणाली. मग क्षणभर थांबून, न मोजता, तिने पुढचं वाक्य जोडलं, "आणि आम्ही निघू तेव्हा चला आमच्याबरोबर. बांधून होईपर्यंत राहा."

"छे गं, घराकडे कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या आणि वाट पाहू लागल्या.